ज्याची हाक त्यानंच मारावी

कॉरल: काय म्हणालीस? ताई, तुझे नुसते ओठ हलले.

मर्टल: म्हटलं, त्या काठ्या गाडीतच ठेव. घळीत फिरायला चाललोय आपण, एव्हरेस्टवर नाही.

कॉरल: आवाज कुठे गेला तुझा? रात्री जेवताना तर ठणठणीत होतीस.

मर्टल: रात्री होता. सकाळी उठले तर बसला होता. काल नातवाची फुटबॉलची मॅच नव्हती का? पंच मेला आंधळा. म्हटलं, दिसत नाही तर नाही, ऐकू तरी जाऊ दे त्याला.

कॉरल: मग आजचं राहू दे. गरम पाणी पी, बोलू नकोस, पडून राहा. घळ कुठे पळून जात नाही.

मर्टल: घळ नाही पळत. तू पळतेस. उद्या तू ब्रिस्बेनला निघणार, मग परत कधी? आपण एकमेकींना सापडून पाच वर्षं झाली. दर वर्षी मी म्हणते, घळीत चल. दर वर्षी तुझं काहीतरी निघतं. एकदा पाठ, एकदा पाऊस, एकदा मांजर.

कॉरल: मांजर खरंच आजारी होतं.

मर्टल: असेल बाई. पण आता ते मेलं, देव त्याचं भलं करो, आणि तुझ्याकडे कारण उरलं नाही. चल. आणि हे तोंडाला काय फासलंयस?

कॉरल: सनस्क्रीन आहे. डॉक्टरांनी सांगितलंय.

मर्टल: एवढं पांढरं तोंड घेऊन आत गेलीस तर घळीतली जुनी माणसं, आपले पूर्वज, म्हणतील, मर्टलनं हे कुठलं भूत धरून आणलं!

कॉरल: बघ. हेच. ह्याचीच भीती वाटते मला.

मर्टल: थट्टा केली गं. कॉरल, अगं, थट्टा केली. पूस जरा गालावरचं आणि चल. ऊन चढायच्या आत पहिला ओढा तरी ओलांडू.

कॉरल: ओढ्यावर पूल असेल ना?

मर्टल: दगड आहेत की.

कॉरल: ताई, हे दगड हलतायत.

मर्टल: दगड जागच्या जागी आहेत, तू हलतेस. पाण्याकडे बघू नकोस. हां, तो चपटा. आता डावा पाय. तुझा डावा, माझा नव्हे! आता माझा हात धर. हात धर म्हटलं, गळा नको.

कॉरल: गेला! गेला पाय पाण्यात! मोजा भिजला सगळा.

मर्टल: छान झालं. ओढ्याशी तरी ओळख झाली.

टेगन: ए आई! कुणाला बुडवतेस तिथे?

कॉरल: अगंबाई, टेगन का ही? ह्या खाकी कपड्यांत ओळखलंच नाही मी. मर्टल, तुझी लेक रेंजर शोभते हो अगदी!

टेगन: शोभणारच. काय म्हणतेस, आई नंबर दोन? अंघोळ उरकली का?

कॉरल: मला अजून सवय होत नाही त्याची. तू मला मावशी म्हटलंस तरी चालेल, खरंच.

टेगन: आपल्यात मावशी नसतेच. आईची बहीण ती आई. तक्रार असेल तर आत जुन्या माणसांकडे कर, नाहीतरी तिकडेच निघालीयेस. पण ही आई नंबर एक अशी कुजबुजतेय का?

मर्टल: घसा बसलाय.

टेगन: कधी? सकाळी तर माझ्या नवऱ्याला फोनवर अशी झापत होतीस की...

मर्टल: टेगन! तो पलीकडे कुणी कुत्रा घेऊन आलाय वाटतं. राष्ट्रीय उद्यानात कुत्रा! जा, बघ आधी.

टेगन: कुठाय कुत्रा? कसला... अच्छा. बरं. बरं बरं! घसा बसलाय. हो, फारच बसलाय बिचारीचा. जपा हं.

कॉरल: टेगन, मग तूच चल ना आमच्याबरोबर. आत शिरण्याआधी हाक मारावी लागते ना जुन्या माणसांना? ताईला आज ते जमणार नाही. तू मार.

टेगन: मी ड्यूटीवर आहे. वरच्या वाटेवर झाड आडवं पडलंय, ते तोडायला माणसं थांबलीत. आणि मी कशी मारू? मी लेक, तू आई. लेकीनं आईची ओळख करून द्यायची? लोक हसतील. म्हणजे, आतले लोक.

कॉरल: असा नियम आहे?

टेगन: नियम कसला, लाज आहे. चला, मी पळते. प्लॅटिपस खालच्या डोहात आज दोनदा वर आला होता, येताना बघा. आणि डबा जपा. करावाँगांनी हैराण केलंय. त्या काळ्या चोरांना आता पिशवीची चेनसुद्धा उघडता येते.

कॉरल: पक्ष्यांना चेन उघडता येते?

टेगन: माझ्या नवऱ्याला येत नाही, त्यांना येते. निघते!

मर्टल: हिच्या तोंडाला कुणी चेन लावायला हवी होती.

कॉरल: ताई, मला एक सांग. नक्की काय म्हणतेस तू हाक मारताना? म्हणजे ठरलेले शब्द असतात का?

मर्टल: ठरलेलं काय असायचंय? पुढे ते मोठं अंजिराचं झाड आहे, तिथे थांबायचं. तिथून आत त्यांचं घर. शेजारणीकडे गेलो तरी आपण दारातून ओरडतो ना, ‘आहेस का गं?’ तसंच. कोण आलंय, कुणाचं कोण, कशाला आलंय, मोठ्यानं सांगायचं. मग जरा उभं राहायचं. मग जायचं आत.

कॉरल: आणि सगळ्यांसाठी तूच मारतेस?

मर्टल: मग? शाळेची पोरं येतात, जर्मन येतात, एकदा मंत्री आला होता. त्याच्या वेळी मी ओरडून सांगितलं, हा मोठा माणूस आहे म्हणतात, पण जेवायच्या वेळेला परत जाणार आहे, तेव्हा घाबरू नका.

कॉरल: त्याला कळलं?

मर्टल: आपल्या भाषेत सांगितलं होतं. टाळ्या वाजवल्या त्यानं.

कॉरल: आणि हाक न मारता कुणी गेलं तर?

मर्टल: गेला होता एक फोटो काढणारा. घोटा मुरगळला आणि कॅमेरा ओढ्यात.

कॉरल: योगायोग असेल.

मर्टल: असेल की. पण आता दर वर्षी आला की आधी माझं घर शोधत येतो. थांब, हलू नकोस. उजवीकडे बघ. ताडाखाली.

कॉरल: वॉलबी! आणि पोटाच्या पिशवीतून तो पाय बाहेर आलाय ना? पिल्लाचा?

मर्टल: पाय नाही, शेपटी. उलटं शिरलंय आत. असतात एकेक पोरं.

कॉरल: किती सुंदर चेहरा आहे तिचा. गालावर पांढरा पट्टा बघ. आणि हे झाड, थांब, हे सायकॅड. ह्याच्या बिया विषारी असतात. कुटून बरेच दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्या की विष उतरतं, मग त्यांची भाकरी करायचे. बरोबर ना?

मर्टल: पुस्तकात वाचलंस?

कॉरल: हो. ग्रंथालयात होते तेव्हा. ह्या भागावरचं, इथल्या आदिवासींवरचं एक पुस्तक सोडलं नाही मी. चुकीचं आहे का?

मर्टल: बरोबर आहे. आजी करायची. मी नाही केली कधी. मला दुकानातलं पीठच बरं वाटतं.

कॉरल: मला वाटलं तू आता माझी चूक काढणार.

मर्टल: काढली असती, सापडली असती तर. पण काय गं, जन्मभर ग्रंथालयात राहून राहून तू ही अशी बोलायला शिकलीस? घसा माझा बसलाय आणि ऐकू तुझं येत नाही.

कॉरल: ग्रंथालयाच्या आधीपासूनच. मला वाढवलं त्या घरात मोठ्यानं बोललेलं चालायचं नाही. वाईट नव्हते ते लोक. खायला-प्यायला घातलं, शिकवलं. पण जेवणाच्या टेबलावर माझा आवाज चढला की ते गृहस्थ सुरी खाली ठेवायचे. काही बोलायचे नाहीत, नुसती सुरी ठेवायचे. मग मी गप्प.

मर्टल: आमच्याकडे सुरी खाली ठेवली की पलीकडचा मांसाचा तुकडा उचलायचा. बस इथे, हा दगड सावलीत आहे. खाऊन घेऊ. अंजिराचं झाड ते काय, वळणापलीकडे. पुढे खाणंपिणं नको.

कॉरल: जवळच आहे की.

मर्टल: जवळच आहे. पलीकडे कड्याच्या पोटाशी ती भिंत, गेरूचे हात उमटलेली. तोंडात गेरू घ्यायचा, हात दगडावर धरायचा आणि फुंकायचं. हात काढला की मागे हात राहतो. बायकांचे आहेत, पोरांचे आहेत. एक एवढासा आहे, बाळाचा असावा.

कॉरल: फोटोत बघितलाय मी तो.

मर्टल: फोटोत सगळेच बघतात. घे, सँडविच घे. तुझ्या आवडीचं, मोहरी लावून.

कॉरल: ताई, मी एक सुचवू का? तू कुजबुजत हाक मार. हळूच. त्यांना काय, कळेलच ना.

मर्टल: कळेल गं. पण कुजबुजत घरात शिरतो तो चोर. तूच मार.

कॉरल: मला आपली भाषा येत नाही.

मर्टल: इंग्रजीत मार. इतकी वर्षं टुरिस्टांची बडबड ऐकतायत, शिकले असतील आतापर्यंत. मला तरी भाषा कुठे पूर्ण येते? मिशनऱ्यांच्या वस्तीवर बंदी असताना चोरून चोरून काय शिकले, त्यातल्या निम्म्या शिव्या.

कॉरल: नको. मग असं करू, आपण इथूनच परत जाऊ. डोहात तो प्लॅटिपस बघू. छान दिवस गेला, म्हणजे खरंच छान गेला. पुढच्या वर्षी तुझा घसा बरा असेल तेव्हा...

मर्टल: एऽऽ! सोड! सोड ते, चोरा! सोड म्हणते ना! अरे तुझ्या खानदानात कुणी कष्ट केलेत का कधी? टाक ते सँडविच! टाऽऽक! मेल्या, नरकात जाशील, पिसं झडतील तुझी!

कॉरल: ताई.

मर्टल: गेला बघ घेऊन! मोहरीसकट! आख्खा डबा उघडला त्यानं, मी इथे बसलेली असताना!

कॉरल: ताई, तुझा घसा.

मर्टल: घसा... हं. हं. आता परत बसतोय वाटतं.

कॉरल: ढोंगी कुठली! नाटकी! सकाळपासून! गाडीत मी तुला माझ्या मधाच्या गोळ्या दिल्या, त्यासुद्धा खाल्ल्यास!

मर्टल: चांगल्या होत्या.

कॉरल: आणि टेगनला ठाऊक होतं. तो कुत्रा. कुत्रा नव्हताच!

मर्टल: टेगनला ठाऊक नव्हतं, तिथल्या तिथे कळलं. हुशार आहे पोर, माझ्यावर गेली.

कॉरल: मला नाही हसू येत ह्यावर. का केलंस असं? तुला माहीत आहे मला किती भीती वाटते. सगळ्या दुनियेसाठी हाक मारतेस. मंत्र्यासाठी मारलीस, त्या जर्मनांसाठी मारलीस. सख्ख्या बहिणीसाठी एक हाक मारायला तुझ्या जिवावर आलं?

मर्टल: त्यांच्यासाठी मारते, कारण ते पाहुणे. मी ओरडून सांगते, मी पाहुणे आणलेत. तुझ्यासाठी काय सांगू? पाहुणी आणलीय?

कॉरल: बहीण आणलीय म्हण.

मर्टल: घरचं माणूस घरी आणत नसतात, कॉरल. ते आपलं येतं. दारातून स्वतःच ओरडतं, मी आले गं, म्हणून. टेगन पहिल्यांदा आली तेव्हा एवढीशी होती, स्वतः ओरडली. तिचा पोरगा बोबडा होता, तोही ओरडला. मी आज तुझ्या वतीनं तोंड उघडलं असतं, तर तू पाहुणी झाली असतीस. कायमची. मग ते मी नाही पुसू शकत.

कॉरल: मग हे सरळ सांगायचं होतंस.

मर्टल: सरळ सांगितलं असतं तर मांजर परत जिवंत झालं असतं.

कॉरल: ताई, मी... मी हाक मारली आणि काहीच झालं नाही तर?

मर्टल: म्हणजे काय व्हायला हवंय? बँड वाजायला हवाय?

कॉरल: थट्टा नको. आत गेले आणि मला काहीच वाटलं नाही तर? छान घळ, छान कडे, एक फोटो काढला आणि निघाले, असं झालं तर? तुझं तसं नाही. तू इथे वाढलीस. आजीनं तुला झुडपात लपवलं आणि तू राहिलीस. मी सापडले. आपली पोरं उचलून नेणाऱ्या त्या सरकारी माणसांनी मला गाडीत घातलं तेव्हा मी तीन वर्षांची होते, मला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही. तू सापडलीस तर आई दोन वर्षांपूर्वीच गेलेली. मग माझ्याकडे काय राहिलं? हे एवढंच. घरी बसून म्हणता येतं, माझी एक जागा आहे, अजून गेले नाही, पण आहे. आज आत गेले आणि कळलं की ती माझी नाहीच, तर मी कुठली?

मर्टल: अगं बाई. हे होय. हे मांजराचं खरं कारण.

कॉरल: हो. हेच.

मर्टल: ये इकडे. नाक पूस. हे घे, माझी बाही घे. मी तुला खोटं नाही सांगणार. तुला काय वाटेल ते मला ठाऊक नाही. तुला कुणी नेलं नसतं, तर तुला ते कधी विचारावंच लागलं नसतं, आणि ह्याचा मला इतका राग येतो की एकेकदा झोप लागत नाही. पण दार न वाजवताच घरात कुणी नाही म्हणून परत फिरायचं, हे काय? एकदा ओरड. नाही काही वाटलं तर घरी जाऊ, चहा पिऊ, आणि मी पुन्हा आयुष्यात घळीचं नाव काढणार नाही.

कॉरल: काढशील.

मर्टल: काढीन. पण महिनाभर तरी नाही काढणार. चल उठ. गुडघे माझे पण वाजतायत.

कॉरल: हेच का ते झाड? किती मोठं आहे. मुळं तर कडा धरूनच उभी आहेत.

मर्टल: हेच. इथे उभी राहा. पाय नीट रोव. हां, मार.

कॉरल: माफ करा. जरा... नमस्कार. मी आत आले तर चालेल का?

मर्टल: हे काय? दुकानात जाऊन कपबशा कुठे ठेवल्यात म्हणून विचारतेस का?

कॉरल: हसू नकोस गं!

मर्टल: नाही हसत. पोटातून काढ. इथे कुणी सुरी खाली ठेवणार नाही.

कॉरल: मी कॉरल आहे! मर्टलची बहीण!

मर्टल: मर्टलची नको. माझ्या नावावर कुठवर खपशील? तुझं स्वतःचं सांग. कुणाची तू?

कॉरल: आईची. आईचं नाव घेऊ?

मर्टल: नाव नको. गेलेल्या माणसाचं नाव तोंडात आणायचं नाही. नुसतं आई म्हण. त्यांना बरोबर कळतं.

कॉरल: तू जरा मागे सर. बघू नकोस माझ्याकडे.

मर्टल: सरले. नाही बघत.

(कॉरल टोपी काढते. दोन्ही हात तोंडाशी धरते.)

कॉरल: ओऽऽ! मी आलेय! मी कॉरल! आईची धाकटी! मला नेलं होतं, मी आपणहून गेले नव्हते! फार उशीर झाला, पण आलेय! ऐकू येतंय का? मी आलेऽऽय!

(मर्टल पाठमोरीच उभी आहे.)

कॉरल: बाप रे. सगळे पोपट उडाले बघ. माझ्या गळ्यातून एवढं निघतं, मला माहीतच नव्हतं. आता किती वेळ थांबायचं? ताई? काही चुकलं का? ‘उशीर झाला’ म्हणायला नको होतं का? अगं, पाठ करून का उभी आहेस? बघू नकोस म्हटलं होतं मी, पण आता वळायला हरकत नाही.

मर्टल: नाही चुकलं.

कॉरल: रडतेस तू. ताई! काय झालं? पाय मुरगळला का?

मर्टल: आई अशीच हाक मारायची. ती कामाला होती त्या शेतमालकाच्या स्वयंपाकघराच्या दारातून, संध्याकाळी, आम्हाला ओढ्यावरून बोलवायला. अगदी हीच. शेवटाला अशीच वर चढायची. पाच वर्षं तू माझ्याशी हळू बोलतेस. तुझ्यात ती आहे, हे मला कळणार कसं?

कॉरल: आईचा आवाज? माझा?

मर्टल: तिचाच. रेघभर फरक नाही.

कॉरल: मला... ताई, मला बसावंसं वाटतंय. नाही, नको. बसायला नको. आत जाऊ या का आपण? मला आत जायचंय.

मर्टल: जाऊ गं. आधी एकदा मला हाक मार.